तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मालकाकडे टिकलात कसे?

"त्या चिंगूस माणसाकडे बावीस वर्षं कशी काढलीत हो?" जुनं कुणी भेटलं की हेच विचारतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. मी हिशेबाला आणि माल पाठवणीला. मालकांचं बाजारात नाव वाईटच होतं. उचल मागितली की कपाळाला आठ्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत वर्गणी अकरा रुपये, तीही पावती फाडून घेऊन. शेजारच्या मालकाचं सगळं उलट. जेवणावळी, सत्कार, देवळाच्या फरशीवर नाव. त्याचा कारखाना बसला तेव्हा कळलं, कामगारांच्या पगारातून कापलेला फंड त्याने कित्येक वर्षं भरलाच नव्हता. आमच्याकडे पगार किंवा फंडाचा हप्ता एकदाही लांबला नाही. पण वेळेवर मिळालेल्या पगाराची चर्चा कोण करतो?

नावाचं तसंच असतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी कुठकुठचा माल 'सोलापुरी' म्हणून खपतोच.

एका रात्रीचं सांगतो. ट्रक दारात उभा, निम्मे गठ्ठे बांधून झालेले. डझनाचं वजन पाच किलो भरायला हवं, काटा पावणेपाचवर थांबला. दुसरा डझन घातला, तेच. विणीच्या आडव्या धाग्याला बारीक काउंटचं, म्हणजे हलकं सूत लागलं होतं. मी म्हटलं, "मालक, हाताला काही कळत नाही. तिकडे कोण मोजतंय?"

"तू मोजलास की बे," एवढंच म्हणाले.

बांधलेले गठ्ठे सोडले. एकेक डझन काट्यावर चढवला, चलनावर खरं वजन लिहिलं, भाव त्यांनी स्वतःच्या हाताने कमी केला. गिऱ्हाइकाने तो भाव गुपचूप घेतला आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला दिली. तेव्हा चांगुलपणाचं फळ वगैरे मला विचारू नका.

आपण पुढारी निवडताना आधी नाव बघतो. पण खरं काम नाव होण्याआधीच झालेलं असतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले तेव्हा तिशीच्या आतले, त्यांना ओळखत होतं कोण? तिकडे वडील गेल्याची बातमी आली, तरी परतले नाहीत. 1941 मध्ये तिथल्याच बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. पुतळे, स्मारकं सगळं नंतरचं. परत न येण्याचं ठरवलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

आमचे मालक काही कोटणीस नव्हते. त्या रात्री गठ्ठे पुन्हा बांधेपर्यंत उजाडलं. मी चाचरत ओव्हरटाइमचं विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "दोनदा चहा पाजलो की बे!"