क्यू ते लॉइडमिन्स्टर: एका स्थलांतराचा माग, अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून

३१ मार्च १९०३ रोजी ‘लेक मॅनिटोबा’ लिव्हरपूलहून सुटली तेव्हा तिच्यावर दोन हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली होती. आयझॅक बार या पाद्र्यानं जमवलेले हे इंग्रज वसाहतकार कॅनडाच्या गवताळ प्रदेशात जमीन कसायला निघाले होते. त्यांतल्या बहुतेकांनी तोवर नांगराला हातही लावलेला नव्हता. वाटेतच लोकांचा बारवरचा विश्वास उडाला, पुढारीपण जॉर्ज लॉइड या दुसऱ्या पाद्र्याकडे गेलं आणि गावाला नावही त्याचंच मिळालं, लॉइडमिन्स्टर.

या वसाहतीतल्या कुटुंबाचा माग काढायचा तर रस्ता असा पडतो: लंडनजवळचं क्यू, लिव्हरपूल, ओटावा, रेजायना आणि शेवटी लॉइडमिन्स्टर. दुसऱ्या कुठल्या इंग्रज कुटुंबाच्या मागावर असाल तर शेवटचे दोन मुक्काम बदलतील, बाकी क्रम हाच राहील.

निघण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत गाव नि आडनाव सांगितलं की पिढ्या एका जागी उलगडतात. इथे कुटुंबाची अशी वही नाही. प्रत्येक प्रसंगाचा कागद वेगळा, तो ठेवणारं खातं वेगळं. जहाजात चढताना इंग्लंडनं लिहून घेतलं, उतरताना कॅनडानं, आणि दोघांनी जपलेली वर्षं जुळत नाहीत. इंग्लंडहून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या १८९० ते १९६० अशा आहेत, त्याआधीच्या नष्ट केल्या गेल्या. कॅनडात उतरणाऱ्यांच्या याद्या १८६५ पासून आहेत, त्याही सुरुवातीला फक्त क्वेबेक बंदराच्या, आणि खुल्या आहेत त्या १९३५ पर्यंतच. म्हणजे १८६५ ते १८८९ या काळातला माणूस फक्त कॅनडाच्या कागदात सापडेल, १८९० ते १९३५ मधला दोन्हीकडे, आणि १९३५ नंतरचा, उदाहरणार्थ १९४६ साली सैनिक नवऱ्यामागे हॅलिफॅक्सला उतरलेली वधू, इंग्लंडच्या यादीत. आम्ही पाहिलेले निम्मेअधिक अडलेले शोध चुकीच्या काठावर बसून राहिल्यामुळे अडलेले होते.

तिकीट काढण्याआधी घरबसल्या करायचं काम भरपूर आहे. इंग्लंड आणि वेल्सची जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. सरकारी नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सूची फुकट पाहता येते आणि त्यात जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनावही दिलेलं असतं. त्यामुळे एकाच गावातल्या दोन ‘जॉन हॅरिस’पैकी आपला कोणता ते पैसे न भरता ठरवता येतं. छापील दाखल्याला साडेबारा पौंड पडतात. जुन्या जन्मांची आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची नुसती डिजिटल प्रतिमा ३ पौंडांत मिळते, तीच मागवा. विवाहाला ही सोय नाही. तिमाही बघताना घोळ होतो तो असा, की सूचीतली तिमाही नोंद केल्याची असते, जन्माची नव्हे. नोंदीला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून नोव्हेंबरातलं मूल पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सापडणं अगदी नेहमीचं.

क्यूचं राष्ट्रीय अभिलेखागार डिस्ट्रिक्ट लाइनच्या क्यू गार्डन्स स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. रविवार-सोमवार बंद. मूळ कागद हाताळायचे तर वाचक-पत्र लागतं. ते फुकट आहे, पण दोन पुरावे हवेत, एक ओळखीचा आणि एक राहत्या पत्त्याचा. परदेशातून येणारे पत्त्याच्या पुराव्यापाशी अडकतात. फोनमधला स्क्रीनशॉट दाखवून भागेल असं धरून जाऊ नका, कोणते कागद चालतात ती यादी आधी वाचून मूळ प्रत सोबत ठेवा. आत शिसपेन्सिल चालते, शाईचं पेन नाही. पिशवी लॉकरमध्ये, सामान पारदर्शक पिशवीत. फोनवर फोटो काढता येतात, फ्लॅश बंद ठेवून. कागद आदल्या दिवशी ऑनलाइन मागवून ठेवले तर सकाळ वाया जात नाही, जागेवर मागवले तर साधारण तासभर थांबावं लागतं.

जहाजाची यादी बघायला मात्र क्यूपर्यंत जाऊ नका. ‘बीटी २७’ ही बाहेर जाणाऱ्यांची आणि ‘बीटी २६’ ही परतणाऱ्यांची मालिका वर्गणीच्या संकेतस्थळांवर पूर्ण आहे. क्यूच्या संगणकांवर ती संकेतस्थळं फुकट उघडतात एवढाच जाण्याचा फायदा. क्यूला जायचं ते ऑनलाइन नसलेल्या दप्तरांसाठी. गावच्या पॅरिशनं, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार चालणाऱ्या स्थानिक कारभारानं, गरिबांना खर्च देऊन कॅनडाला धाडलं असेल तर १८३४ नंतरचा पत्रव्यवहार ‘एमएच १२’ मध्ये आहे. स्थलांतराबद्दल वसाहत खात्याला आलेली पत्रं ‘सीओ ३८४’ मध्ये आहेत. १८३२ ते १८३७ या काळात ससेक्समधल्या पेटवर्थहून असेच सुमारे अठराशे लोक अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑंटारिओच्या दक्षिण भागात, गेले. तेव्हा कॅनडाच्या प्रवासी याद्याच नव्हत्या, त्यामुळे अशा कुटुंबांसाठी पॅरिशचा हिशेब हाच जहाजाचा पुरावा ठरतो. पॅरिशची मूळ वही क्यूला नसते, ती त्या त्या परगण्याच्या अभिलेख कार्यालयात मागा.

इंग्लंडच्या जनगणनेत जन्मस्थळापुढे ‘पूना’ किंवा ‘किर्की, ईस्ट इंडीज’ दिसलं तर दचकू नका. गोऱ्या पलटणीतल्या शिपायांची मुलं पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर इथं जन्मली, इंग्लंडला परतली आणि काही पुढे कॅनडाला गेली. त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद इंग्लंडच्या सूचीत शोधत बसू नका. ती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात, मुंबई इलाख्याच्या ‘एन/३’ मालिकेत असते.

लिव्हरपूलला लोक प्रवासी याद्या शोधायला जातात आणि हात हलवत परततात. याद्या व्यापार खात्याकडे गेल्या, शहराकडे नाहीत. मध्यवर्ती ग्रंथालयातल्या नोंदणी विभागात लिव्हरपूलच्या चर्चवह्या चांगल्या आहेत, कुटुंब मूळचं तिथलं असेल तर एक दिवस द्या. नाहीतर मर्सी नदीचा धक्का बघा आणि पुढची वाट धरा.

आता यादी वाचण्याबद्दल, कारण खरी फसगत इथेच होते. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते. साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात बोटी क्वेबेकला जात नसत, हॅलिफॅक्स किंवा न्यू ब्रन्सविकच्या सेंट जॉनला लागत. ‘लेक मॅनिटोबा’ही एप्रिलमध्ये सेंट जॉनलाच लागली. म्हणून ‘फेब्रुवारीत कॅनडात आले’ अशी घरातली आठवण असेल तर क्वेबेकची यादी उघडूच नका. काही जण न्यूयॉर्कला उतरून रेल्वेनं वर गेले, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या याद्या वेगळ्या पाहाव्या लागतात.

नाव सापडत नसेल तर नाव सोडा. लंडनकडची माणसं ‘ह’ गिळत, म्हणून हॅरिस ‘अॅरिस’ झालेला असतो. इंग्लंडच्या यादीत बऱ्याचदा फक्त आद्याक्षर असतं आणि बायको नुसती ‘मिसेस’. सर्वांत धाकट्या मुलाचं नाव आणि वय टाकून शोधा, तान्ह्या मुलाचं वय महिन्यांत लिहिलेलं असतं आणि ते सहसा बरोबर निघतं. तेही जमलं नाही तर कॅनडात उतरल्याच्या तारखेतून सात ते बारा दिवस वजा करा, त्या आठवड्यात सुटलेल्या बोटी काढा आणि यादी पहिल्या पानापासून डोळ्याखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्या कुठल्याही युक्तीपेक्षा खात्रीचं. इंग्लंडच्या यादीत नावावर आडवी रेघ असेल तर तिकीट काढूनही तो माणूस त्या बोटीवर चढला नाही असं समजा आणि पुढच्या बोटी बघा.

कॅनडाच्या यादीत काही नावांपुढे ‘ब्रिटिश बोनस’ असा शिक्का दिसतो. पणजोबांना सरकारनं पैसे दिले असं वंशज मोठ्या हौसेनं लिहून ठेवतात. तो पैसा पणजोबांना नव्हे, तिकीट विकणाऱ्या एजंटाला मिळायचा. शेतमजूर किंवा घरकाम करणारी बाई, असं कॅनडाला हवं असलेलं माणूस पाठवल्याबद्दलचं ते कमिशन. शिक्क्यावरून पणजोबांनी जाताना आपला धंदा काय सांगितला एवढं मात्र कळतं.

ओटावाच्या ‘लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा’चे मूळ कागद बरेचसे नदीपलीकडे गॅटिनोला ठेवलेले असतात, म्हणून काही दिवस आधी मागणी नोंदवावी लागते. वाचनसेवा नव्या इमारतीत नेण्याचं काम चालू असल्यानं पत्ता आणि वेळा निघताना पुन्हा तपासा. १९१९ ते १९२४ मध्ये आलेल्यांसाठी नेहमीच्या यादीऐवजी ‘फॉर्म ३०ए’ बघा. हा माणसागणिक एक स्वतंत्र कागद आहे आणि यादीपेक्षा जास्त बोलतो. अनाथाश्रमांनी इंग्लंडहून धाडलेल्या एक लाखाहून अधिक मुलांपैकी कोणी असेल तर ‘होम चिल्ड्रन’ची वेगळी सूची आहे. त्या मुलाची मूळ फाइल मात्र धाडणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे पुन्हा इंग्लंडलाच मागावी लागते.

ओटावात लोक पहिला अर्ज करतात तो नागरिकत्वाच्या फाइलसाठी, आणि तो फुकट जातो. १ जानेवारी १९४७ पर्यंत कॅनडाचं वेगळं नागरिकत्वच नव्हतं. इंग्लंडहून आलेला माणूस आधीपासून ब्रिटिश प्रजाजन, त्याला अर्ज करायची गरजच नव्हती. फाइल नाही याचा अर्थ नोंद हरवली असा नाही. त्याऐवजी १९०१ पासूनच्या कॅनडाच्या जनगणना घ्या, त्यांत कॅनडात आल्याचं वर्ष विचारलेलं आहे. ते वर्ष एक-दोननं चुकतं, पण शोधाला दिशा देतं.

दोन्ही देशांच्या जनगणना शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते. १९०१ मध्ये दोन्हीकडे तारीख एकच, ३१ मार्च. १९११ मध्ये इंग्लंडची २ एप्रिल आणि कॅनडाची १ जून. त्यामुळे त्या वसंतात बोटीनं आलेलं कुटुंब दोन्ही देशांत मोजलेलं सापडू शकतं, आणि तसं सापडलं तर प्रवास या साठ दिवसांतला हे पक्कं. १९२१ मध्ये उलटं झालं. कॅनडाची १ जून, इंग्लंडची १९ जून. मधल्या अठरा दिवसांत कॅनडाला गेलेला माणूस कोणाच्याच वहीत नाही. इंग्लंडची १९३१ ची जनगणना १९४२ साली आगीत गेली, कॅनडाची १९३१ ची मात्र २०२३ पासून खुली आहे.

पहिल्या महायुद्धात लढलेला तरुण असेल तर कॅनडाची बाजू फार जड आहे. ब्रिटिश शिपायांच्या सेवापत्रांतला मोठा हिस्सा १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळला. कॅनडाच्या फौजेच्या फाइली शाबूत आहेत आणि संपूर्ण ऑनलाइन आहेत. भरतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो आणि तो कित्येकदा इंग्लंडमधल्या आईचा, घरक्रमांकासकट असतो. त्या कागदावरची जन्मतारीख मात्र प्रमाण मानू नका, वय वाढवून किंवा चोरून सांगणारे पुष्कळ होते. शिवाय ‘जन्म लंडन’ वाचून इंग्लंडकडे धावू नका. लंडन, विंडसर, केंब्रिज ही ऑंटारिओतलीही गावं आहेत, आणि हॅलिफॅक्स यॉर्कशरमध्येही आहे.

लग्न कॅनडात झालं असेल तर तोच दाखला आधी काढा. इंग्लंडच्या विवाहनोंदीत २०२१ पर्यंत फक्त वडिलांचं नाव असे. ऑंटारिओच्या नोंदीत वधूवरांच्या आयांची नावंही असतात, बहुधा माहेरच्या आडनावासह. इंग्लंडमध्ये आईवाचून अडलेली फांदी अशी कॅनडातून सुटते.

रेजायना ही सस्कॅचेवान प्रांताची राजधानी, तिथलं काम जमिनीच्या फाइलीचं. दहा डॉलर भरून १६० एकरांचा चौथाई तुकडा नोंदवायचा, तिथे राहून जमीन फोडायची आणि तीन वर्षांनी मालकीपत्र मागायचं, असा रिवाज होता. मालकीपत्राच्या अर्जात दर वर्षी किती एकर नांगरले, किती पेरले, जनावरं किती, घर किती फूट लांबरुंद आणि किती किमतीचं, हे सगळं भरलेलं असतं, सोबत दोन शेजाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्या. ते शेजारीही नोंदवून ठेवा, पुष्कळदा त्यांतला एक मेव्हणा किंवा त्याच बोटीवरचा सोबती निघतो. ओटावाच्या मालकीपत्रांच्या सूचीत फक्त टिकलेल्यांची नावं आहेत. हाय खाऊन सोडून गेलेल्यांसाठी सस्कॅचेवानची होमस्टेड (अशा नोंदवलेल्या तुकड्यांची) सूची पाहा, एकाच तुकड्याच्या फाइलीत आधी हरलेल्याचे कागदही असतात.

फाइल मागताना जमिनीचं वर्णन पूर्ण लिहा: चौथाई, सेक्शन, टाउनशिप, रेंज आणि मेरिडियन (मोजणी जिथून धरली ते रेखावृत्त). बार वसाहतीत शेवटचा आकडा निर्णायक. वसाहत झाली तेव्हा तिथे प्रांतच नव्हते. १९०५ मध्ये सस्कॅचेवान आणि अल्बर्टाची हद्द चौथ्या मेरिडियनवर, नेमकी गावाच्या मधून पडली. ‘डब्ल्यू ३’ (तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला) असेल तर फाइल सस्कॅचेवानची, ‘डब्ल्यू ४’ असेल तर अल्बर्टाची, आणि मग एडमंटनची वाट. आकडा न पाहता रेजायनाला आलात तर फेरा हकनाक पडतो, इथून लॉइडमिन्स्टर पाचशेहून अधिक किलोमीटर आहे. गावात त्या रेषेवर मोजणीच्या खुंट्यांच्या आकाराचे चार उंच खांब उभे केलेत. दोन भाऊ रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे जमीन कसत होते म्हणून त्यांच्या फाइली दोन प्रांतांत, हे तिथे उभं राहिलं की लगेच पटतं.

१९११ किंवा १९१६ च्या जनगणनेत कुटुंब त्या तुकड्यावर दिसलं नाही तर मृत्यूच्या नोंदी उपसण्याआधी ‘बीटी २६’ उघडा. बरेच जण परत गेले. कॅनडानं बाहेर जाणाऱ्यांची यादी ठेवलीच नाही, ती इंग्लंडनं लिव्हरपूलला उतरताना करून घेतली आहे, आणि १९२२ च्या पुढची असेल तर त्यात इंग्लंडमध्ये कुठे राहणार तो पत्ताही मिळतो.