तुम्ही विचारलंत म्हणून: आपले गड सोडून त्यांचे किल्ले कशाला?

साताऱ्याला गेले की, मंडळाच्या गणपतीत, फोनवर, सगळीकडे हाच प्रश्न: "तिथले किल्ले, मठ, बागा बघत फिरतेस, पण आपले गड किती बघितलेस?" २०२५च्या जुलैत आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून तर प्रश्नाला धार आलीय.

हिशेब आधी देऊन टाकते. अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड, रायगड, सिंधुदुर्ग. संपलं. इंग्लंडमध्ये, लीड्सला आल्यापासून इथले मात्र मोजणं सोडून दिलंय. तेव्हा आरोप खरा आहे. पण मला परक्यांचं कौतुक आणि घरच्याची लाज वाटते, असं जे तुम्ही धरून चालता, ते खरं नाही.

सुरुवात फाउंटन्स ॲबीपासून झाली. ११३२ साली यॉर्कचा मठ सोडून आलेल्या तेरा साधूंनी एका ओसाड दरीत तो मठ वसवला. मेंढ्या पाळल्या, लोकर विकली, गबर झाले. १५३९मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने तो बंद करवला. छपरावरचं शिसंसुद्धा उतरवून नेलं. पुढे तिथलाच दगड वापरून शेजारी एकाने हवेली बांधली. आज छप्पर नाही, जमिनीच्या जागी गवत, आणि कडेला शंभरेक पावलं लांब अशी कमानींची ओवरी, तिथे मेंढ्यांची लोकर साठवायचे. मी तिथे चार तास होते. पाणी कुठून आणलं, स्वयंपाक कुठे व्हायचा, शौचकूप नदीवर का बांधले, सगळं बघितलं.

घरी येताना लक्षात आलं, रायगडावर मी यातलं काहीच बघितलं नव्हतं. तिथे मी आधी वाकते. माती कपाळाला लावते, समाधीपाशी डोळे भरून येतात, आणि खाली उतरते. ते चूक आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण बघायला मी परक्या ठिकाणी शिकले, कारण तिथे माझं कुणी नव्हतं. हे माझं उत्तर होतं, आणि बरीच वर्षं मला ते पुरत होतं.

मग अण्णा आले. २०१८चा मे. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, गुडघे गेलेले. मी त्यांना वेल्समधल्या पॉविस किल्ल्यावर नेलं, कारण तिथली बाग मला फार आवडते. आत क्लाइव्ह घराण्याचा संग्रह आहे, हे मला माहीत होतं. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचं लग्न या घराण्यात झालं आणि हिंदुस्थानातून आणलेलं सगळं इथे आलं. टिपू पडला तेव्हा, १७९९ला, हाच एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूचं सिंहासन फोडून तुकडे वाटून घेतले. त्यातलं एक वाघाचं डोकं तिथे काचेत आहे. सोन्याचं, माणकं-हिरे जडवलेलं, मुठीत मावेल एवढं.

अण्णा त्या काचेसमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला. मागून येणाऱ्यांना वाट द्यायला मी त्यांच्या कोपराला हात लावला, तरी हलले नाहीत. आणि मी बोलले. का बोलले ते आजही सांगता येत नाही. म्हटलं, "अण्णा, त्यांनी जपलंय तरी. आपल्याकडे असतं तर राहिलं असतं का?"

आपण सगळेच हे कधी ना कधी म्हणतो. मी त्याआधी कितीदा म्हटलं असेन.

अण्णा वळले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "अगं, जपायला ठेवलं कुठे त्यांनी? १८१८च्या मे महिन्यात रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळाले. किती गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. ज्यानं फोडलं त्यानंच तुकडा जपला, त्याचे आभार मानू?" मग बाहेर जाऊन बाकावर बसले. परतीच्या तीन तासांत फक्त एकदा पाणी मागितलं. त्या दिवसाचा त्यांनी काढलेला एकच फोटो आहे, बागेतल्या तीनशे वर्षांच्या यू झाडांच्या कुंपणाचा. गच्च्यांवरून ओघळल्यासारखी ती हिरवी भिंत दिसते. आतल्या एकाही वस्तूचा फोटो नाही.

अण्णा २०२१ला गेले. तो विषय आम्ही पुन्हा काढलाच नाही.

तेव्हाच्या मला मी आजही बोलते. जपणं ही खरी गोष्ट आहे, हे मी मागे घेत नाही. गडावर प्लास्टिकच्या बाटल्या आणि तटावर कोरलेली नावं बघून पोटात तुटतं, ते खोटं नाही. पण ते वाक्य तिथे, त्या काचेपुढे, त्या माणसाला म्हणायचं नव्हतं. आणि दुसऱ्या कुठे म्हटलं असतं तर चाललं असतं का, हे मला ठरवता येत नाही.

त्यानंतर मी कॉनवीला गेले. १२८३ ते १२८७, चार वर्षांत आठ बुरूज. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्श लोकांना दाबायला बांधलेला किल्ला. त्यासाठी त्यांच्या थोरल्या राजाचं, लिवेलिनचं, दफन झालेला मठ दुसरीकडे हलवला. आज हा किल्ला सांभाळते वेल्स सरकारची संस्था. तिचं नाव 'कॅडू', वेल्श भाषेत अर्थ 'जपणे'. ज्यांना दाबायला बांधला त्यांचेच वंशज त्याचे चिरे बसवतात. बुरुजावर वाऱ्यात उभी राहून मी अण्णांशी मनातल्या मनात भांडत होते: बघा, फोडणाऱ्याचंही जपता येतं. आणि त्यांचं उत्तर मला पाठ होतं: अगं, इथे किल्ला त्यांच्याच मातीत राहिला ना?

येत्या शनिवारी हार्लेकला, त्याच एडवर्डच्या वेल्समधल्या आणखी एका किल्ल्यावर, जातोय. डिसेंबरात साताऱ्याला येईन तेव्हा रायगड करायचाय, तुम्हाला उत्तर म्हणून नव्हे. नमस्कार करून झाला की बाजारपेठेच्या जोत्यावर बसायचंय, गंगासागराचं पाणी कसं साठवलं ते बघायचंय, आणि १८१८च्या खुणा कुठे उरल्यात ते शोधायचंय. अण्णांना विचारायला हवं होतं.