तुळशीच्या लग्नाचे फटाके आणि फोंड्याच्या पाच खेपा

सगळ्यात आधी हे सांगतो, मग बाकीचं. फटाक्यांचं बुकिंग करणार असाल तर चिठ्ठीवर कंपनीचं नाव, किती शॉटचा बॉक्स (एका वातीवर एकामागून एक आभाळात उडणाऱ्या नळ्या असतात, एक नळी म्हणजे एक शॉट), नळी किती जाड आणि नेट रेट, म्हणजे डिस्काउंट वजा जाता द्यायची किंमत, हे सगळं लिहून घ्या, चिठ्ठीचा फोटो काढा आणि मगच ॲडव्हान्स द्या. माझ्या चिठ्ठीवर फक्त "६० शॉट १ नग" एवढंच लिहिलं होतं आणि त्या एका ओळीपायी मला गोव्यातल्या फोंड्याला पाच खेपा माराव्या लागल्या. येऊनजाऊन दर खेपेला अठ्ठावीस किलोमीटर. राग अजून उतरलेला नाही.

आमच्याकडे दिवाळीला वाड्यावरच्या पोरांचं सगळं लक्ष नरकासुराच्या पुतळ्यावर असतं, रात्रभर जागून पहाटे तो जाळला की घरी येऊन आंघोळ आणि फोव, म्हणजे पोहे. घरचे फटाके खरे उडतात ते तुळशीच्या लग्नाला, तीच आमची व्हडली, म्हणजे मोठी दिवाळी. गेल्या वर्षी पुण्याहून बहीण, भावोजी आणि भाची येणार होती, बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती, म्हणून आम्ही, काकांचं घर आणि शेजारच्या काकी अशा तीन घरांनी दोन-दोन हजार काढले आणि सहा हजारात परसात जरा नीट आतषबाजी करायची ठरवली. खरेदीचं काम माझ्याकडे आलं.

भावोजी म्हणाले होते की मी पुण्याहून ट्रेनने घेऊन येतो. त्यांना लगेच नको म्हटलं. रेल्वेत फटाके नेणं गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाइलवर शिवकाशीच्या दुकानांच्या जाहिराती येत होत्या, घरपोच देतो म्हणून. पण सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात ऑनलाइन विक्री बंद केलेली आहे, तेव्हा तिकडे पैसे पाठवून ते अडकले तर भांडायचं कुणाशी? दुकानात जाऊन, हातात घेऊन, बघूनच घ्यायचं हे पक्कं केलं.

आता स्वस्त कशाला म्हणायचं ते. फटाक्याच्या बॉक्सवरची एमआरपी बघून काहीच कळत नाही. ३० शॉटच्या बॉक्सवर २४०० छापलेलं, दुकानदार म्हणतो ८० टक्के डिस्काउंट, म्हणजे ४८०. पलीकडच्या दुकानात ५० टक्के डिस्काउंट, पण छापील किंमतच ९००, म्हणजे ४५०. त्यामुळे डिस्काउंट किती हा प्रश्न विचारूच नका, नेट किती एवढंच विचारा. मी वहीत प्रत्येक बॉक्सचा नेट रेट भागिले शॉट असा हिशोब केला. ३० शॉट ४८० ला म्हणजे शॉटला १६ रुपये, ६० शॉट ९५० ला म्हणजे पावणेसोळाच्या आसपास, १२० शॉट १७५० ला म्हणजे साडेचौदाच्या वर, आणि २४० शॉट २१०० ला म्हणजे पावणेनऊ. आकडे बघून २४० वालाच घ्यावा असं वाटलं होतं. पण बॉक्स उघडून दाखवा म्हटलं आणि खिशातली टेप लावली. २४० वाल्याच्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या, ३० आणि १२० वाल्याच्या सव्वा इंचाच्या. नळी बारीक म्हणजे आत माल कमी, वर गेल्यावर फूल छोटं आणि जातंही कमी उंच. दोनशे चाळीस वेळा टकटक होईल, पण आभाळ भरणार नाही. म्हणून शॉटचा भाव आणि नळीची जाडी ही दोन्ही एकत्र बघा, नुसता आकडा बघून घेऊ नका. बॉक्सच्या आकारावर तर अजिबात जाऊ नका, आत कितीतरी पुठ्ठा आणि मोकळी जागा असते.

आणि ग्रीन फटाके आहेत का ते बघायचं. बॉक्सवर नागपूरच्या नीरीचा (सीएसआयआर-नीरी, पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था) लोगो आणि क्यूआर कोड असतो, दुकानातच स्कॅन करायचा. ह्यात धुराचे कण साधारण तीस टक्के कमी असतात. बेरियम हे रसायन असलेले घ्यायचे नाहीत, त्यावर कोर्टाची बंदी आहे, आणि लांब माळांवरही. माळा नाहीत म्हणून काका जरा नाराज होते पण बाबांना आवाज सोसत नाही, आमच्या घरात सगळ्यांना रंगच हवे होते.

आता ती चिठ्ठी. दुकान घाऊक मालाचं, नाव सांगत नाही. नवरात्रात गेलो तेव्हा मालकाने व्हॉट्सॲपवर रेट लिस्ट पाठवली, चांगली लिस्ट होती, कंपनी आणि कोडसकट. मी त्यातलं १२० शॉट एक, ६० शॉट एक, १२ शॉटचे चार बॉक्स, मोठी झाडं (अनार), भुईचक्रं आणि ३० सेंटिमीटरच्या फुलबाज्या असं सांगितलं. दोन हजार जीपे केले. काउंटरवरच्या मुलाने कच्च्या चिठ्ठीवर भराभर लिहून दिलं आणि दसऱ्यानंतर या म्हणाला. ही पहिली खेप.

दसऱ्यानंतर गेलो. "पात्रांव, माल फाल्यां येतलो." म्हणजे साहेब, माल उद्या येईल. बरं, गाडी शिवकाशीहून यायची म्हणजे एक-दोन दिवस इकडेतिकडे होणारच, मी काही बोललो नाही. चार दिवसांनी परत गेलो, निघण्याआधी फोन केला होता, फोनवर "येवन पळयात", येऊन बघा, एवढंच. गेलो तर परत "फाल्यां येतलो". तेव्हा मी विचारलं की गाडी निघाली का तिकडून, बिल्टी नंबर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर, असेल तर द्या, मी ट्रान्सपोर्टवाल्याला विचारतो. त्यावर त्या मुलाने नुसते खांदे उडवले. माझ्यासारखे अजून सहा-सात जण चिठ्ठ्या घेऊन उभे होते, त्यातले एक आजोबा सावर्ड्याहून बसने आलेले. त्यांनाही फाल्यां. आमचं सोडा, त्या माणसाला तरी फोन करून सांगायला हवं होतं.

चौथ्या खेपेला माल आला होता. पण भर बाजारात फटाक्यांचा साठा ठेवता येत नाही म्हणून गोदाम गावाबाहेर, मुलगा स्कूटरवर जाऊन आणणार. तासभराने १२० शॉट, झाडं, चक्रं, फुलबाज्या आल्या. ६० शॉट नाही. "तो आयज ना, सोमारा येयात." आज नाही, सोमवारी या. दिवाळी तोंडावर आलेली, रस्त्यावर नरकासुरांचे सांगाडे उभे राहिलेले, ट्रॅफिक तुंबलेला. आणि मला माहीत होतं की ही हंगामी दुकानं दिवाळी झाली की परवाना संपून बंद होतात, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबता येणार नव्हतं. कुणीतरी सुचवलं होतं की दिवाळी झाल्यावर उरलेला माल निम्म्या किमतीत मिळतो. मिळतो, पण दुकान उघडं असलं तर.

सोमवारी पाचवी खेप. पोचलो तेव्हा साडेबारा. मुलाने काउंटरखालून १२ शॉटचे पाच बॉक्स काढून माझ्यापुढे एकावर एक रचले. मी म्हटलं हे काय, माझे चार बॉक्स १२ शॉटचे आहेतच, मला ६० चा एक हवा. तर म्हणतो, "तेंच तें पात्रांव, बारा पंचे साठ."

मी तिथेच एक बॉक्स उलटा करून त्याला दाखवला. नळी पाऊण इंचाची. ६० वाल्याची सव्वा इंचाची. ६० वाला एका वातीने एकदा पेटला की थांबत नाही, हे पाच वेळा वाकून पेटवायचे. आणि भाव? १२ शॉट ११० ला, पाच बॉक्स ५५०. माझ्याकडून घेणार ९५०. चारशे रुपये कशाचे? तो म्हणाला चिठ्ठीवर कंपनी कुठे लिहिली आहे, साठ शॉट लिहिलंय, साठ शॉट दिले. चिठ्ठी त्याच्याच हाताने लिहिलेली! मी जीएसटीचं बिल मागितलं, फटाक्यांवर १८ टक्के जीएसटी असतो, कच्च्या चिठ्ठीवर भांडायचंच कशाला. तर बिलबुक मालकाकडे, मालक जेवायला गेले, आणि एक वाजता शटर खाली.

मी गेलो नाही. पायरीवर बसलो. समोरच्या हॉटेलात एक भाजीपाव खाल्ला आणि परत येऊन बसलो. साडेतीनला शटर उघडलं, चारला मालक आले. मी मोबाइलवर त्यांनीच पाठवलेली लिस्ट उघडली, कंपनी, कोड, ६० शॉट, ९५०, आणि पुढे त्याच दिवसाचा जीपेचा मेसेज. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले की त्या कंपनीचा ६० शॉट यंदा आलाच नाही. आलाच नाही! म्हणजे हे दसऱ्यालाच माहीत असणार, आणि मला फाल्यां, सोमारा करत ठेवलं. मी म्हटलं त्याच कंपनीचे ३० चे दोन द्या, नळी तीच आहे. ९६० होतात, वरचे दहा मी देतो. पाच मिनिटांत दोन बॉक्स समोर आले, ते मागच्या फळीवरच होते. हेच दुसऱ्या खेपेला केलं असतं तर?

पक्कं बिल मात्र घेऊनच उठलो. एकूण ४५५० झाले, म्हणजे दोन ३० शॉट, एक १२० शॉट, चार १२ शॉट, झाडांचे तीन बॉक्स, चक्रांचे तीन आणि फुलबाज्यांचे दहा. उरलेल्या १४५० मध्ये ऊस, चिरमुरे आणि पोरांना आइस्क्रीम झालं. ह्याचा मला खरंच अभिमान वाटतो, कारण पलीकडच्या वाड्यावर नऊ हजार खर्च केले आणि निम्मे सुतळी बॉम्बच होते.

घरी आणल्यावर पुढचे पंधरा दिवस ते सांभाळणं हे वेगळं काम आहे. आपल्याकडची हवा दमट, वाती सर्द होतात. मी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, खाली फळी घालून, स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत ठेवले. चुलीजवळ किंवा गॅसजवळ तापवायला ठेवतात तसलं काही करू नका.

रॉकेट घेतलीच नाहीत ते सांगायचं राहिलं. परसाच्या कडेला माड आहेत, रॉकेट चुडतांत (झावळ्यांत) अडकलं तर सुकं चूड लगेच पेटतं, आणि वाऱ्याने वाकडं गेलं तर शेजारच्या काकींच्या कौलांवर. शॉट सरळ वर जातो, पण बॉक्स हलला नाही तरच. म्हणून विहिरीपासून लांब, मोकळ्या जागेत रेती सपाट केली, त्यावर बॉक्स आणि चारी बाजूंनी चार चिरे (जांभ्या दगडाचे) घट्ट लावले. आदल्या दिवशी गोठ्याजवळचं गवत उचललं, काकींना वेळ सांगून ठेवली, त्यांनी त्यांचा कुत्रा आतल्या खोलीत ठेवला. रेतीच्या दोन बादल्या, पाण्याच्या दोन.

लग्न लागलं, ऊस-चिरमुरे वाटले आणि सव्वाआठला सुरू केलं, कारण उडवायची वेळ आठ ते दहाच आहे. आधी पोरांच्या फुलबाज्या आणि चक्रं, मग झाडं तीन-तीन ओळीत. उदबत्ती लांब काठीला बांधली होती. बॉक्सच्या बाजूला हिरवी वात असते, वर लाल कागद गुंडाळलेला, तो कागद सोडवून वात बोटाने सरळ करायची, बाजूला उभं राहून टोकाला उदबत्ती लावायची आणि मागे फिरायचं. बॉक्सवर वाकायचं नाही, कितीही घाई असली तरी. १२ शॉटपैकी एका बॉक्समधल्या शेवटच्या तीन नळ्या गेल्याच नाहीत. काका बघायला निघाले होते, त्यांना हाताला धरून थांबवलं, अर्धा तास तसाच ठेवून मग त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि सकाळपर्यंत भिजत ठेवला.

३० चे दोन एकामागोमाग आणि शेवटी १२० वाला. दीड मिनिट माडांच्या वर आभाळ लाल-सोनेरी झालं होतं, भाची बाबांच्या मांडीवर बसून मोजत होती, चाळीसच्या पुढे तिचे आकडे चुकायला लागले तेव्हा बाबा मोजू लागले. एकशे एकोणीस आले म्हणतात. यंदाच्या लिस्टमध्ये ६० शॉट परत दिसतोय, पण मी दुसऱ्या दुकानात ३० चे चार सांगितलेत, कंपनीच्या नावासकट, आणि चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहून त्याची सही घेतली आहे.