आरएक्स १००: कार्बच्या नावावर खपलेली दुखणी

आधी माझ्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलची सध्याची स्थिती. गाडी स्लो धरते (मूठ न पिळता संथ चालू राहते), एका किकेत उठते, अॅक्सिलरेटरची मूठ सोडली की रेस, म्हणजे इंजिनचा वेग, लगेच खाली येते. मधल्या टप्प्यात थोडी भकभक बाकी आहे. त्याचं कारण सापडलंय, पार्ट यायचा आहे. गाडी १९९४ ची, कार्ब (पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर) मूळचाच मिकुनी कंपनीचा व्हीएम२०.

तक्रार सुरू झाली थंडीत. मे महिन्यात ४२-४३ अंशांत हीच गाडी सोलापुरात अक्कलकोट रोडला विनातक्रार पळत होती. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मात्र सकाळी मूठ सोडली तरी इंजिन ओरडतच राहायचं, मग सावकाश खाली यायचं. मित्रांचा सल्ला ठरलेला: "कार्बमध्ये कचरा आला असंल की बे, खोलून धुऊन टाक." टू-स्ट्रोकचं कुठलंही दुखणं आपल्याकडे कार्बच्या नावावर खपतं. पण कचरा काही ऋतू बघून येत नाही, म्हणून पाना हातात घेण्याआधी जरा विचार केला.

पहिलं काम म्हणजे मुठीवर कागदी चिकटपट्टी लावून खुणा केल्या: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. व्हीएम कार्बमध्ये कुठला भाग काम करतोय हे काट्यावरच्या स्पीडवरून कळत नाही, मूठ किती उघडली त्यावरून कळतं. अगदी सुरुवातीला पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) आणि हवेचा स्क्रू. साधारण पावापर्यंत स्लाईडचा, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा, कापलेला काठ. पाव ते पाऊण नीडल (स्लाईडला अडकवलेली निमुळती सुई) आणि ती ज्यात वर-खाली होते तो नीडल जेट. त्यापुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळतात, पण दुखणं कुठल्या खुणेवर आहे ते कळलं की निम्मं काम झालं. चाळीसच्या स्पीडला झटके मारते म्हणून थेट मेन जेट बदलणारे मी पाहिलेत. चाळीसला मूठ पावभरही उघडलेली नसते, तिथं मेन जेट काय करणार?

माझ्या खुणांवर दोन वेगळी दुखणी निघाली. बंद मुठीला रेस अडकणं, हे लीनचं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडल्याचं) लक्षण. आणि अर्ध्या मुठीला जड भकभक, हे रिचचं (पेट्रोल जास्त झाल्याचं). एकाच कार्बमध्ये एकाच वेळी दोन्ही. म्हणजे "धुऊन टाक" हा उपाय बाद.

लीन की रिच याची खात्री करायला दोन युक्त्या आहेत. छोट्या मुठीला त्रास असेल तर चोक किंचित ओढून बघा. सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. मधल्या टप्प्यासाठी चालत्या गाडीवर पेट्रोल कॉक बंद करायचा. बाऊलमधली (कार्बच्या तळाच्या वाटीतली) पेट्रोलची पातळी उतरते तसं मिक्श्चर लीन होत जातं, आणि बंद पडायच्या जरा आधी गाडीनं एकदम छान ओढ घेतली तर ती आधी रिच होती. हे मोकळ्या रस्त्यावरच करा, आणि पूर्ण मुठीला तर करूच नका. टू-स्ट्रोक लीन होऊन तापली की पिस्टन जॅम होतो.

आता लीनचा शोध. कार्ब खोलायच्या आधी बाहेरून हवा कुठून शिरते ते बघायचं. इंजिन स्लोवर ठेवून कार्ब आणि सिलिंडरच्या मधल्या रबरावर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडलं. खालच्या बाजूला पाणी लागताच रेसचा आवाज बदलला. रबर काढून वाकवलं तर आतून बारीक चिरा, वरून एकदम धडधाकट. नवीन रबर बसवल्यावर बराच फरक पडला. पूर्ण नाही.

उरलेलं लीन कुठून आलं, त्यावर माझं मत असं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९. म्हणजे जुन्या जेटातून तेवढंच इंधन आलं तरी मिक्श्चर आपोआप लीन पडतं. उलट उन्हाळ्यात हवा विरळ असते, त्यानं मिक्श्चर रिचकडे झुकतं. मेच्या ४२ अंशांत आणि थंडीतल्या १५ अंशांत हवेच्या घनतेत जवळपास ९ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे उन्हाळाभर सोलापूरचं ऊन माझ्या गाडीचं लीन झाकत होतं, थंडीनं ते उघडं पाडलं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून होणाऱ्या इथेनॉलनं आपलीच आरएक्स तहानलेली ठेवावी, याला काय म्हणायचं! असो. पायलट जेट एक पायरी मोठा टाकला आणि हवेचा स्क्रू नव्यानं लावला.

या स्क्रूबद्दल एक गोष्ट, कारण फोर-स्ट्रोकवाले इथं हमखास गोंधळतात. स्क्रू स्लाईडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: बाहेर काढला की लीन, आत घेतला की रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि सगळं उलटं. आरएक्सचा हवेचा आहे. इंजिन चांगलं तापवून, पूर्ण आत घेऊन (अलगद, पितळी टोक दाबलं की संपलं) दीड फेरी बाहेर, मग थोडं इकडं-तिकडं करत रेस सगळ्यात वर जाते ती जागा धरायची आणि स्लो वेगळ्या स्क्रूनं खाली आणायची. स्क्रू तीन फेऱ्या बाहेर काढूनही रेस वाढतच असेल तर पायलट जेट मोठा आहे, जवळपास आत बसवावा लागत असेल तर छोटा. माझा आता पावणेदोनवर बसलाय.

कार्ब शेवटी खोललाच, पण मोजमापासाठी. बाऊलच्या तळाला पांढरट-हिरवट चिकट थर होता. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी तळाला बसून धातू खातं. जेटमध्ये तार घालू नका, क्लच केबलची तर मुळीच नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि जेटवरचा आकडा खोटा ठरतो. मी जेट नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानातल्या अल्ट्रासोनिक मशीनमधून काढून आणले. दुकानदार हसला, पण जेट नव्यासारखे निघाले. गाडी उभी ठेवताना आता कॉक बंद करून बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो.

रिचचं कारण दोन ठिकाणी होतं. एक फिल्टर. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, सुताची बारीक धूळ हवेत कायम, आणि फिल्टरच्या स्पंजवर तिचा नमदा बसला होता. स्पंज धुऊन, तेल लावून, पिळून बसवला. दुसरं कारण नीडल जेट. भिंगातून बघितलं तर भोक एका बाजूला झिजून लांबट झालंय. नीडल वर्षानुवर्षं घासली की असं होतं, आणि मग मधल्या टप्प्यात पेट्रोल जास्त जातं. तात्पुरता इलाज म्हणून नीडल धरून ठेवणारी क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे नीडल तेवढी खाली उतरली.

त्यानंतर तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावापुढे जाऊन प्लग बघितला. पूर्ण मूठ थोडा वेळ धरायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, आणि बाजूला घेऊन प्लग काढायचा. स्लोवर घरी आणलेला प्लग काहीच सांगत नाही. रंग बिस्किटाचा आला, म्हणजे मेन जेटला हात लावायची गरज नाही.

नीडल जेट आणि नीडल जोडीनंच मागवलेत, एकटा जेट टाकण्यात अर्थ नाही. ते बसले की क्लिप पुन्हा मधल्या खाचेत. रेस परत अडकायला लागली तर पुढचा संशय डाव्या बाजूच्या, मॅग्नेटोकडच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाकडच्या) क्रँक सीलवर, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या हवाबंद रबरी कड्यावर. तिथूनही हवा आत जाते. उजवीकडचं क्लचकडचं सील गेलं असतं तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर आला असता, तो नाहीये. कुणी सील घरी बदललं असेल तर मॅग्नेटो ओढून काढायचा पुलर कुठल्या मापाचा लागतो ते कळवा.