चमच्याचा च आणि चिमणीचा च

केज तालुक्यातल्या आमच्या अंगणवाडीत जून ते दसरा एवढेच दिवस हाताशी असतात. मग ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापामागं लेकरंही कारखान्याला जातात. त्यामुळे यंदा मला फार घाई होती.

आई, मामा, काका यातले आवाज लेकरांनी पटापट धरले. अडलं ते च वर. भिंतीवरच्या तक्त्यात च चमच्याचा. च च्या वस्तू सांगा म्हटलं, तर पाच वर्षांची एक पोरगी धडाधड बोलली, "चाक, चूल, चोर." मी चिमणीचं चित्र पुढं ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं. "ताई, चिमणी ह्यातली नाई."

मी तिला चूक ठरवलं. पंधरा दिवस रोज ठरवलं. ती आधी गप्प झाली, नंतर खेळायलाच येईना.

एका दुपारी मदतनीस ताई चिंच फोडत होत्या. मी सहज मोठ्यानं 'चिंच' म्हटलं आणि थबकले. पहिला च टाळूला लागतो, शेवटचा दातांमागं. पोरगी बरोबर होती! चमचा म्हणताना शेवटचा च एक, चमचे म्हणताना दुसरा. माझा-माझी म्हणून बघा, झ चंही तेच. ज चंही. फक्त छ एकाच आवाजाचा. तक्त्यावर यातलं काही नाही. प्रशिक्षणातही कुणी बोललं नाही, तिथं भरलेल्या वह्या मोजल्या. याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "तुझंच खरं होतं." दोन टोपल्या मांडल्या, एक चमच्याची, एक चिमणीची. चिंच तिनं दोन्हींच्या मधोमध ठेवली. चार दिवसांनी दोन्ही टोपल्यांवर एकच च लिहिला, तो तिनं लगेच मानला.

म्हणून आधी कान, अक्षर नंतर. आणि हो, क-ख साठी तोंडापुढं तळहात धरायला लावा, ख ला वारा लागतो. घरी 'पानी' म्हणणाऱ्या लेकराला टोकू नका. आपण 'पाणी', 'बाण' स्वच्छ म्हणत राहायचं.

जाणाऱ्या आयांना मी सांगितलं, कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, भाकरी थापताना विचारत जा, भ नं अजून काय काय? त्याला वही लागत नाही.