तुम्ही विचारलंत म्हणून : ॲंटिलोपला कोणतं काडतूस?

डेन्व्हरच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, दरवर्षी कुणीतरी हळूच विचारतं, "काका, वायोमिंगच्या सोडतीत परवाना लागलाय. ॲंटिलोपसाठी काडतूस कुठलं घेऊ?" हळूच, कारण मागे काकू उभ्या असतात.

आधी एक गोष्ट. इथे ज्याला ॲंटिलोप म्हणतात तो प्राँगहॉर्न, आणि तो खरा ॲंटिलोप नाहीच, जिराफ त्याला जास्त जवळचा. आपल्या काळविटाशी त्याचा संबंध जोडून गावाकडे फुशारक्या मारू नका, तिथे १९७२ पासून शिकारबंदीचा कायदा आहे.

नर जेमतेम पन्नासेक किलोचा. त्याला तोफ लागत नाही. मी पहिल्या वर्षी दुकानदाराचं ऐकून ३०० विंचेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाची रायफल घेतली होती. सरावाच्या मैदानावर तिने खांद्याला असे दणके दिले की पाचव्या बाराला चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. शिकारीत दोन बार मारले, दोन्ही मातीत. पुढच्या वर्षी ती विकली आणि जुनी २४३ विंचेस्टर आणली. १९५५ सालचं काडतूस, धक्का बेताचा. नवीन मुलं ६.५ क्रीडमोर घेतात, तीही उत्तम. २७० तर १९२५ पासून हेच काम करतेय. यात वाद घालण्यासारखं फार काही नाही.

वाद आहे तो गोळीचा. काडतूस म्हणजे पितळी कवच, ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि पुढे बसवलेली गोळी. आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. २४३ मध्येच कोयोटीसाठीची (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) पातळ सालीची गोळीही मिळते. ती लागली की तिथल्या तिथे फुटते. मी एकदा स्वस्त म्हणून तीच घेतली. ऐंशी यार्डांवरून खांद्यावर लागली, आणि पुढचा अख्खा पाय रक्ताच्या गुठळ्यांनी वाया गेला. तेवढ्यात दोन वेळचा रस्सा झाला असता.

आता मी तांब्याची वापरतो. टोकाला उमलते, पण तुकडे होत नाहीत. मांसात शिशाचे कण राहत नाहीत, आणि मागे टाकलेलं आतडं खाणाऱ्या गरुडांच्या पोटातही जात नाहीत. मात्र तिला उमलायला वेग लागतो, म्हणून फार लांबून मारू नये.

लांबून मारायला वाराही देत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा ३०० यार्डांवर २४३ ची गोळी साधारण वीतभर सरकवतो, आणि वायोमिंगमध्ये एवढ्याला कुणी वारा म्हणतच नाही. क्रीडमोरची लांब, जड गोळी थोडी कमी सरकते, पण सरकतेच. मी दोनशेच्या आत रांगत जातो आणि फासळ्यांवर, खांद्याच्या किंचित मागे नेम धरतो.

एवढं ऐकून मुलगा विचारतो, "म्हणजे नक्की काय घेऊ?"

२४३, तांब्याची ८० ग्रेन, म्हणजे साधारण पाच ग्रॅमची गोळी. आणि गुडघ्यांना जाड पॅड घे, तिथे सगळीकडे निवडुंग आहे.