वहीतले दोन रकाने

लेकीच्या बाळंतपणाला गेले तेव्हाची गोष्ट. विमानाचा प्रवास, जाताना नऊ तास, येताना दहा. तिकीट काढताना शेवटी एक छोटा चौकोन आला. तिथे खूण केली की थोडे पैसे जास्त जाणार आणि त्यातून कुठंतरी झाडं लागणार. मी खूण केली. दोन मिनिटांत ईमेल आलं. वर हिरव्या पानाचं चित्र आणि खाली लिहिलेलं, की तुमचा हा प्रवास आता कार्बन न्यूट्रल झाला आहे, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडला तेवढ्याची भरपाई झाली. मला बरं वाटलं, अगदी मनापासून. ते पत्र मी छापून घेतलं आणि पवित्र शास्त्रात चोविसाव्या स्तोत्राच्या पानात ठेवलं. पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं आहे, हे त्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य.

मी आयुष्यभर हिशेब लिहिण्याचं काम केलं. आमच्या चर्चच्या मंडळीची खजिनदारही मीच आहे. पावती हातात आली की त्या नोंदीपुढे बरोबरची खूण करायची, ही हाताला लागलेली सवय. त्यामुळे परत आल्यावर सहज म्हणून आकडा तपासायला बसले आणि तिथेच अडकले. एका कॅल्क्युलेटरने माझ्या जाण्यायेण्याचा कार्बन दीड टन सांगितला, दुसऱ्याने अडीच टनांच्या वर. चूक दोघांचीही नव्हती. पहिला फक्त इंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजत होता. दुसरा उंचावर विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांनी वाढणारी उष्णताही धरत होता. म्हणजे देणं नेमकं किती हेच ठरलेलं नाही, आणि माझ्या हातात मात्र खातं बंद झाल्याचा कागद. कामावर असं कोणी केलं असतं तर मी ती वही परत पाठवली असती.

पुढच्या रविवारी उपदेशाला जक्कयाचा उतारा होता, लूक १९. लहानपणापासून ऐकलेला. ठेंगणा जकातदार, उंबराचं झाड, येशू वर बघतो आणि म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. त्या दिवशी मात्र मला क्रम दिसला. आधी येशू त्याच्या घरी जातो. मग जक्कय उभा राहतो आणि म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. चौपटीची अट येशूने घातलेली नाही. परतफेड करून जक्कयाने क्षमा विकत घेतलेली नाही. क्षमा मिळाली म्हणून त्याचे हात सैल झाले. आणि दुसऱ्या दिवसापासून तो पूर्वीसारखाच जकात लुबाडून वर चौपट भरपाई देत बसला असेल, असं तो उतारा वाचून कोणाच्याही मनात येत नाही.

माझं पत्र मात्र नेमकं तेच सांगत होतं. उडत राहा, भरत राहा.

पैसे देऊन केलेल्या अशा कार्बनच्या भरपाईला ऑफसेट म्हणतात. तिला पापक्षमेच्या चिठ्ठ्यांची, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ झाल्याचं सांगणाऱ्या कागदांची, उपमा बरेच जण देतात. १५१७ मध्ये टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक जर्मनीत त्या चिठ्ठ्या विकत फिरत होता आणि ल्यूथरने त्याविरुद्ध ९५ प्रबंध मांडले, हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. मी ते प्रबंध पहिल्यांदाच सगळे वाचून काढले. पहिल्यातच म्हटलंय की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, असं प्रभूला अभिप्रेत आहे. त्रेचाळिसावा मला जास्त लागला. गरिबाला देणारा किंवा गरजूला उसनं देणारा माणूस, चिठ्ठी विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो, असं ख्रिस्ती लोकांना शिकवावं, असा त्याचा आशय. ल्यूथरचं भांडण देण्याशी नव्हतं. देऊन काय मिळालं म्हणून सांगितलं जात होतं, त्याच्याशी होतं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच दुखरी जागा दाखवली आहे. त्याच्या १७१ व्या परिच्छेदात ते म्हणतात, की कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे अशा भरपाईच्या प्रमाणपत्रांच्या, खरेदीविक्रीतून सट्ट्याचा नवा प्रकार उभा राहू शकतो, उपाय झटपट आणि सोपा वाटतो, पण काही देशांचा आणि वर्गांचा अतिरेकी उपभोग तसाच चालू ठेवायला त्याचा आधार मिळू शकतो. हे लिहिणाऱ्यांच्या घरातही तसा अनुभव होता. २००७ मध्ये हंगेरीत व्हॅटिकनच्या नावाने एक जंगल उभं करण्याची घोषणा एका कंपनीने केली. व्हॅटिकन जगातलं पहिलं कार्बन न्यूट्रल राज्य होणार म्हणून गाजावाजा झाला, प्रमाणपत्रही स्वीकारलं गेलं. तीन वर्षांनी पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा तिथे झाडं लागलीच नव्हती. पण २००८ मध्ये त्याच व्हॅटिकनने आपल्या पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर पॅनेल बसवले. ते दिसतात, मोजता येतात. आपल्या छपरावर जे करता येतं त्याचा हिशेब चोख राहतो, हे मी तेव्हापासून धरून चालते.

बाजारातल्या बाकीच्या गोंधळाबद्दल मी फार लिहीत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ऑफसेट विकणाऱ्या, ६ देशांतल्या २६ जंगलरक्षण प्रकल्पांचा अभ्यास आला. त्यातल्या बहुतेक ठिकाणी जंगलतोड म्हणावी तशी कमी झालेली आढळली नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये २०२१ च्या बूटलेग वणव्यात ऑफसेटसाठी राखलेल्या जंगलाचा एक भाग जळून गेला. वाईट वाटतं, पण प्रकल्प प्रामाणिक असता तरी माझी अडचण सुटली नसती.

अडचण अशी. जमिनीखालचं तेल लाखो, कोट्यवधी वर्षं तिथे पडून होतं. ते आपण एका रात्रीच्या प्रवासात जाळतो. त्यातला काही कार्बन शेकडो नव्हे, हजारो वर्षं हवेत राहतो. झाड आपला वाटा शोषून घ्यायला अनेक दशकं घेतं आणि ते उभं आहे तोवरच तो धरून ठेवतं. कीड, वणवा, कुऱ्हाड, काहीही आलं की ठेव परत हवेत. एक रक्कम जवळपास कायमची, दुसरी कच्ची. वजाबाकी करून खाली शून्य लिहायला माझा हात धजत नाही. हवेचं खातं तर उघडंच आहे. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या पुढे गेलाय. एवढ्या न्यूट्रल प्रवासांनंतर.

मंडळीच्या कमिटीत मी हे मांडलं तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, एक लिटर पेट्रोल जाळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघेल, पेट्रोलचं वजनच पाऊण किलो असतं. प्रश्न रास्त होता. मी फळ्यावर काढून दाखवलं: कार्बनचा एक अणू १२ वजनाचा, त्याला हवेतून येऊन चिकटलेले ऑक्सिजनचे दोन ३२ चे, मिळून ४४. पेट्रोलमधला कार्बन हवेला सोबत घेऊन जड होतो. ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, म्हणजे आपण दर रविवारी उपासनेला येताना एवढं सांडत येतो? आमच्याकडे बहुतेक गाड्यांत एकच माणूस असतो. त्या बैठकीत ऑफसेट घेण्याचा ठराव पुढे ढकलला आणि कोण कोणाला घेऊन येणार याची यादी आधी केली. आता तीन घरांच्या गाड्या रविवारी बाहेर निघत नाहीत.

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात मला या बाबतीत फार आधाराची वाटते. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, असा प्रश्न पौल विचारतो आणि लगेच म्हणतो, मुळीच नाही. ऑफसेटवाल्या ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारावा, नंतर नव्हे.

मग ऑफसेट सोडूनच द्यावा का? माझ्या एका मैत्रिणीचं तसंच मत आहे आणि मी तिच्याशी सहमत नाही. कारण देणं खरंच आहे. तुवालूचं उदाहरण घ्या. प्रशांत महासागरातलं साधारण ११,००० वस्तीचं राष्ट्र, सगळ्यात उंच जागा पाच मीटरांहूनही खाली, आणि लोक जवळजवळ सगळे ख्रिस्ती. नोहाला दिलेल्या वचनावर, की पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही, तिथे अनेकांचा भरवसा आहे. २०२३ मध्ये त्यांच्या सरकारने ऑस्ट्रेलियाशी करार केला, त्यात दर वर्षी २८० माणसांना तिथे जाऊन राहण्याची वाट आहे. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो, वेदीवर दान आणताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे वाचताना भाऊ म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आता तिथली मंडळी येतात. माझ्याविरुद्ध त्यांच्याकडे काही आहे. त्यांना माझं नाव माहीत नाही, एवढंच.

पवित्र शास्त्रातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात भरपाईचा नियम आहे. आधी पाप कबूल करायचं, मग पूर्ण भरपाई करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि ज्याचा अपराध केला त्याला ते द्यायचं. आणि घ्यायला कोणी जवळचा आप्त उरलाच नसेल तर ते परमेश्वराकडे जमा, याजकासाठी. वाचून मी चाट पडले. ज्याचं नुकसान झालं त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, तरी देणाऱ्याची सुटका नाही. पैसा कुठेतरी गेलाच पाहिजे. मी ऑफसेटकडे आता तसं बघते.

म्हणून मी अजूनही पैसे देते. आ रोशा ही १९८३ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेली ख्रिस्ती निसर्गसंवर्धन संस्था. तिच्यातूनच क्लायमेट स्ट्यूअर्ड्स या ऑफसेट करून देणाऱ्या संस्थेचं काम उभं राहिलं. आधी कमी करा, उरलं त्याचंच ऑफसेट करा, असा त्यांचा आग्रह आहे आणि गरीब वस्त्यांत कमी लाकूड लागणाऱ्या चुली, झाडं अशी कामं त्यांच्यामार्फत होतात. चुलीच्या हिशेबातही फुगवटा होऊ शकतो, हे मला कळतं. पण एखाद्या बाईच्या डोळ्यांतला धूर कमी होत असेल तर त्या कामाला माझा दीड टन फेडण्याची गरज नाही. ते स्वतःच चांगलं काम आहे.

मी एक निळी वही केली आहे. डाव्या रकान्यात मी काय जाळलं: विमान, गाडी, वीज. दोन आकडे मिळाले तर मोठा लिहिते. उजवीकडे कुठे, किती दिलं, पाचवा हिस्सा धरून. दोन्ही रकान्यांच्या बेरजा वेगळ्या करते. एकातून दुसरा वजा करत नाही. पहिल्या महिन्यात पेन आपोआप वजाबाकीच्या रेघेकडे जात होतं.

पवित्र शास्त्रात दावीद राजा अरवना नावाच्या माणसाच्या खळ्यावर म्हणतो, ज्याची मला काही किंमत पडली नाही असं होमार्पण मी वाहणार नाही. उजवा रकाना लिहिताना ते आठवतं. पण खरी किंमत डावीकडेच पडते. मागच्या महिन्यात लेकीने विचारलं, आई, या वर्षी येतेस ना? नात आता चालायला लागली आहे. मी म्हटलं, यंदा नाही, पुढच्या वर्षी येईन आणि तीन महिने राहीन. ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने फोन खाली जमिनीवर धरला आणि मला नातीची पावलं दाखवली, एक सरळ, एक तिरकं.

पुढच्या कमिटीत मंडळीची अशीच वही ठेवण्याचा विषय आहे. परदेशातून येणाऱ्या पाहुण्या वक्त्याचं विमान डाव्या रकान्यात कोणाच्या नावावर धरायचं, यावर अजून एकमत नाही. बोलावणं आपलं, तेव्हा ते आपल्या नावावर धरावं, असं मी सांगणार आहे.